तडकलेला दस्ता: दुरुस्तीला किती, बदलायला किती

जोरदार धक्क्याच्या शिकारी रायफलीचा लाकडी दस्ता तडकलेला दिसला, की बहुतेक मालक आधी गोंद शोधतात. पैसे वाया जायला सुरुवात होते ती तिथेच. लाकूड का फुटले हे न पाहता बुजवलेला तडा पुढच्या दहावीस फैरींत पुन्हा उघडतो. दुसऱ्यांदा उघडलेला तडा जोडणे पहिल्यापेक्षा महाग पडते, कारण फटीत आधीचा गोंद वाळून बसलेला असतो आणि नवा गोंद लाकडाला धरत नाही. म्हणून आपल्या खिशातला मोठा वाटा तडा बुजवण्यावर न घालता तो पुन्हा पडू नये यावर घालायचा आहे, हे आधीच ठरवून टाका.

इथल्या किमती अमेरिकेतल्या आहेत आणि डॉलरमध्ये आहेत, कारण या रायफली रोजच्या कायदेशीर वापरात तिथे आहेत. टेक्सस, मोंटाना, अलास्का इथे स्थायिक झालेले आणि रीतसर परवाना काढून शिकारीला जाणारे मराठी वाचक मुख्यतः डोळ्यांसमोर आहेत. आकडे अंदाजाचे समजा. मोठ्या शहराजवळचा आणि नाव कमावलेला गनस्मिथ जास्त घेईल, गावातला कमी घेईल. भारतात वडिलोपार्जित रायफल परवान्यावर बाळगणाऱ्यांसाठी वेगळा भाग पुढे आहे. त्यांनी तो वाचल्याशिवाय कुठल्याही सुताराकडे जाऊ नये.

आधी धक्का किती असतो ते पाहू. .३०-०६ स्प्रिंगफिल्ड ही अमेरिकेत हरणाच्या शिकारीची नेहमीची रायफल. तिचा धक्का साधारण २० फूट-पौंड भरतो. १९१२ साली आलेली .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम ४०च्या आसपास जाते. १९५६ची .४५८ विंचेस्टर मॅग्नम ६०च्या घरात आणि .४५८ लॉट ७०च्याही वर. लाकूड तेच अक्रोडाचे, मार दुप्पट ते साडेतीनपट. खांद्याला बसतो तो धक्का आपल्याला जाणवतो, पण खांद्यापर्यंत येण्याआधी तो सगळाच्या सगळा दस्त्यातून जातो.

लाकडाला तो मिळतो एका छोट्या जागी. ॲक्शनच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागाच्या, पोटाखाली रिकॉइल लग नावाचा लोखंडी उंचवटा असतो आणि त्याची मागची बाजू दस्त्यातल्या खाचेला टेकते. गोळी सुटली की नळी आणि ॲक्शन मिळून सगळे लोखंड मागे येऊ पाहते, आणि ते अडवण्याचे काम या टेकलेल्या बाजूने करायचे असते. ती सपाट आणि पूर्ण टेकलेली असेल तर साधा अक्रोडाचा दस्ताही वर्षानुवर्षे टिकतो. ती एका कोपऱ्यातच टेकली असेल, किंवा तिथले लाकूड दबून मऊ झाले असेल, तर ॲक्शन केसभर मागे सरकते. मग ॲक्शनची मागची निमुळती शेपटी, म्हणजे टँग, पाचरीसारखी दस्त्याच्या मनगटात, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागात, घुसते आणि लाकूड रेषेच्या दिशेने फाडते. टँगच्या मागे पडलेला सरळ तडा दिसला, की दहापैकी नऊ वेळा दोष पुढच्या लगजवळ सापडेल अशी खूणगाठ बांधा.

बाकी कारणे याला हातभार लावतात. ॲक्शनचे स्क्रू सैल राहिले, तर सगळे सांधे खिळखिळे होतात. जुन्या रायफली नळी वर करून भिंतीला टेकवून ठेवल्या, की तेल वर्षानुवर्षे ओघळत मनगटात मुरते आणि लाकूड काळे पडून भुसभुशीत होते. मनगटातून लाकडाच्या रेषा तिरक्या बाहेर पडत असतील, तर तो दस्ता पहिल्या दिवसापासूनच कमजोर असतो. आणि एक कारण असे आहे ज्याबद्दल फार लोक बेसावध असतात: नेम बसवताना खांदा वाचावा म्हणून वापरायचा, शिशाच्या पिशव्यांनी जड केलेला स्टँड. खांदा मागे जातो, स्टँड जात नाही. जो धक्का शरीराने हळूहळू गिळायचा तो सगळा दस्त्याला एका झटक्यात सोसावा लागतो. .३७५ आणि त्यावरच्या रायफलींसाठी असा वजन लादलेला स्टँड वापरू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. उभे राहून, काठीच्या टेकूवरून नेम बसवा आणि बसून फक्त मोजक्या फैरी झाडा.

तडा नेमका कुठे आहे

खर्चाचा अंदाज जागेवरून ठरतो, त्यामुळे ही तपासणी कुणाकडे जाण्याआधी स्वतः करावी. तिला काही पैसे पडत नाहीत. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, बोल्ट काढा, मापाच्या स्क्रूड्रायव्हरने ॲक्शनचे स्क्रू सोडवा आणि लोखंड लाकडापासून वेगळे करा. स्क्रूच्या खाचेत सैल बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरला तर डोके चेपते आणि रायफलीची किंमत विनाकारण उतरते.

आता चांगल्या उजेडात चार ठिकाणे पाहा: टँगच्या मागे मनगटाची सुरुवात, मॅगझिनची खाच आणि चापाची खाच यांच्यामधली लाकडाची पातळ भिंत, रिकॉइल लगच्या खाचेचा तळ आणि कोपरे, आणि मनगटाचा खालचा भाग. वरचे वार्निश नुसते तडकले आहे की लाकूड फुटले आहे अशी शंका असेल, तर आतल्या, वार्निश नसलेल्या लाकडावर रबिंग अल्कोहोल पुसा. वरचा भाग पटकन वाळतो, खरा तडा असेल तिथे ओली काळी रेघ मागे राहते. दस्ता दोन्ही हातांत धरून अगदी हलका पीळ द्या. फट उघडझाप करताना दिसली तर तडा खोल आहे.

लगच्या खाचेत मागच्या भिंतीवर लाकूड चकचकीत आणि दबलेले दिसते का, तेही टिपून ठेवा. गनस्मिथला फोनवर हेच सांगायचे आहे. मोबाइलवर काढलेले चार फोटो पाठवले तर बहुतेक जण फुकट अंदाज देतात.

मनगटात आरपार तडा असेल तर ती रायफल तडा जोडून होईपर्यंत झाडू नका. फैर होताना मनगट तुटले तर हात आणि चेहरा दोन्ही त्याच जागी असतात. बाकी तडे लहान असले तरी प्रत्येक फैर त्यांना पुढे नेते आणि दुरुस्तीचे बिल वाढवते.

रायफल नवी असेल, तर इथेच थांबून कंपनीला कळवा. स्वतः गोंद भरला, ड्रिल केले की वॉरंटीचा दावा जवळपास संपतो. मूळ बिल, सिरियल नंबर आणि न छेडलेल्या तड्याचे फोटो एवढे हाताशी ठेवा.

खर्चाचा हिशेब

सर्वांत स्वस्तातला प्रकार म्हणजे टँगमागचा केसासारखा तडा, जो अजून वरवरचा आहे. काम दोन भागांत होते. फटीत पातळ इपॉक्सी उतरवणे आणि टँगच्या मागे लाकूड किंचित कोरून कागदाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त मोकळी जागा सोडणे, म्हणजे ती पुन्हा पाचर होणार नाही. गनस्मिथ याला १०० ते १५० डॉलर घेतो. हाताला सुतारकामाची सवय असलेल्याने घरी केले तर सामान ५०-६० डॉलरमध्ये येते. ब्राउनेल्सचे ॲक्राग्लास हे बंदुकीच्या कामासाठीच विकले जाणारे इपॉक्सी ३० ते ५० डॉलरला मिळते. त्याचे दोन प्रकार आहेत: पातळ प्रकार फटीत उतरतो, जेल उतरत नाही. तडा जोडायला पातळच घ्या.

घरी करणाऱ्यांसाठी थोडे तपशिलात. तेल मुरलेल्या लाकडाला कुठलाही गोंद धरत नाही, त्यामुळे खरे काम तेल काढण्याचे आहे. ॲसिटोनने पुसणे, खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून तिचा लेप देणे, तो वाळला की झटकून पुन्हा देणे, असे लेप पांढरे राहीपर्यंत चालू ठेवावे लागते. जुन्या दस्त्याला यात आठवडा सहज जातो. ॲसिटोन पेटते, त्याची वाफ डोक्यात जाते, म्हणून हे काम उघड्यावर आणि आगीपासून लांब करा. मग हेअर ड्रायरने लाकूड कोमट करा. कोमट लाकडात इपॉक्सी पातळ होऊन खोलवर जाते. फट हलक्या हाताने उघडून गोंद ओता, उलट बाजूने बाहेर येताना दिसला म्हणजे तो पोहोचला, आणि रबरी नळी ताणून गुंडाळून आवळा. लोखंडी शिकंजा वापरलात तर लाकडाला वळ उठतात. इपॉक्सी दुसऱ्या दिवशी टणक लागते, पण जोरदार धक्क्याच्या रायफलीसाठी तीन-चार दिवस थांबणे शहाणपणाचे. घरातला पांढरा गोंद या कामाला चालत नाही. झटपट चिकटणारा पातळ गोंद केसासारख्या फटीत उतरतो खरा, पण तो ठिसूळ असतो आणि हा धक्का सोसत नाही.

मॅगझिन आणि चाप यांच्यामधली भिंत फुटली असेल, किंवा लगच्या खाचेतून तडे निघाले असतील, तर नुसता गोंद पुरणार नाही. इथे तीन कामे लागतात आणि ती एकत्रच करावीत. तडा जोडून त्यातून पितळी किंवा स्टीलची दांडी आडवी घालायला १०० ते २५० डॉलर. लगच्या मागे आणि भिंतीत क्रॉसबोल्ट, म्हणजे दस्त्यातून आरपार जाणारे आडवे बोल्ट. सामान जोडीला २५ ते ५०, बसवणावळ दर बोल्टला ७५ ते १५०. आणि बेडिंग: रिकॉइल लग आणि ॲक्शन यांच्याभोवती इपॉक्सीचा साचा ओतून लोखंड लाकडात तंतोतंत बसवणे. याला १५० ते ३५०, स्क्रूभोवती बसणारे ॲल्युमिनियमचे पिलर, म्हणजे आधाराच्या नळ्या, हवे असतील तर आणखी ७५ ते १००. दोन बोल्ट धरून आणि पिलर सोडून एकूण बिल ४२५ ते ९५० डॉलरच्या दरम्यान येते.

पैसे कमी असतील तर यातले काय वगळावे? वरचा देखणेपणा वगळा, पॉलिश वगळा, नवे रबरी पॅड वगळा. बेडिंग वगळू नका. बेडिंग करताना लगची मागची बाजू घट्ट टेकली पाहिजे. पुढची, बाजूची आणि खालची बाजू यांना टेपचा थर लावून मोकळी जागा ठेवायची असते, म्हणजे लग खाचेत अडकत नाही आणि सगळा भार मागच्या सपाट बाजूवर येतो. हे काम चोख झाले तर क्रॉसबोल्टवर ताण फारसा येतच नाही.

क्रॉसबोल्टबद्दल थोडे अधिक, कारण काही मालकांना दस्त्याच्या बाजूला दिसणारी ती टिकली आवडत नाही. बोल्ट धक्का अडवत नाही. दाबाखाली लाकडाच्या दोन बाजू एकमेकींपासून फाकू नयेत एवढेच त्याचे काम. ही कल्पना फार जुनी आहे. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या ली-एनफिल्ड रायफलींच्या पुढच्या लाकडातून असाच आडवा स्क्रू घातलेला दिसतो आणि जगभरचे संग्राहक त्याला ईशापूर स्क्रू म्हणूनच ओळखतात. टिकली नको असेल, तर बोल्टाच्या डोक्यावर आबनूस किंवा अक्रोडाची चकती बसवून घ्या. दर बोल्टला वीसेक डॉलर जास्त लागतील.

मनगट आरपार फुटले असेल तेव्हा निर्णय अवघड होतो. दांड्या घालून, जोडून, पुन्हा पॉलिश करून ३०० ते ६०० डॉलर लागतात आणि चांगल्या कारागिराने केलेला सांधा टिकतोही. .३०-०६ला मी असा दस्ता वापरीन. .४५८ला नाही. त्या धक्क्याला मनगटात जोडलेला दस्ता लावून अस्वलासमोर किंवा आफ्रिकेत रेड्यासमोर उभे राहणे मला पटत नाही.

दस्ता बदलायचा तर

लॅमिनेट, म्हणजे पातळ लाकडी थर एकमेकांवर चिकटवून केलेला दस्ता, १५० ते ३०० डॉलरला मिळतो. बॉइड्ससारख्या कंपन्या बऱ्याच रायफलींसाठी तयार मापात विकतात. थर चिकटवलेले असल्यामुळे तो रेषेत फाटत नाही आणि साध्या अक्रोडापेक्षा थोडा जड असतो. धक्क्याच्या रायफलीला हे वजन उपकारकच ठरते. कमी पैशांत जास्त भरवसा हवा असेल तर माझी शिफारस हीच, मात्र त्यातही लगचे बेडिंग करून घ्यायचे. ‘जसाच्या तसा बसतो’ या जाहिरातीवर .३७५च्या वर विसंबू नका.

आत ॲल्युमिनियमचा ठोकळा असलेले कृत्रिम दस्ते ३०० ते ६०० डॉलर, मॅकमिलनसारख्या नावाजलेल्या फायबरग्लासच्या दस्त्याला ७०० ते १,००० किंवा जास्त आणि कधी कधी महिनोनमहिने वाट पाहणे. अलास्काच्या पावसात, किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत वापरायची रायफल असेल तर हा खर्च योग्य आहे. लाकूड ओल्या हवेत फुगते, कोरड्यात आकसते, नेम सरकतो. फायबरग्लासला हे दुखणे नाही.

आणि ज्यांना अक्रोडच हवे, त्यांच्यासाठी हाताने कोरलेला दस्ता. नुसता लाकडाचा ठोकळा काही शे डॉलरपासून काही हजारांपर्यंत जातो, मजुरी ३,०००पासून पुढे. इथे एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. ठोकळा निवडताना पाठीमागच्या भागातल्या नक्षीवर भुलू नका. मनगटातून आणि लगच्या जागेतून रेषा सरळ, मनगटाच्या वळणाबरोबर जाणाऱ्या हव्यात. सुंदर, भोवऱ्यासारख्या रेषांचे लाकूड मनगटात आले, की इतके पैसे मोजूनही तडा ठरलेला.

रायफल १९६४च्या आधीची विंचेस्टर मॉडेल ७० किंवा तशीच संग्राहकांना हवी असलेली असेल, तर मूळ दस्ता कधीही फेकू नका, त्याला घासू नका, पुन्हा पॉलिश करू नका. तडा शक्य तितक्या न दिसणाऱ्या पद्धतीने जोडून तो कोरड्या जागी, सावलीत ठेवा आणि वापरासाठी लॅमिनेट लावा. विकायची वेळ आली की मूळ लाकूड सोबत असलेल्या आणि नसलेल्या रायफलीच्या किमतीतला फरक नव्या दस्त्याच्या खर्चापेक्षा बराच जास्त भरतो.

पाठवायचे कसे

अमेरिकी कायद्यात बंदूक म्हणजे सिरियल नंबर असलेली ॲक्शन. नुसता लाकडी दस्ता देशांतर्गत साध्या पार्सलने जातो, ३० ते ७० डॉलरमध्ये. तडाच जोडून घ्यायचा असेल तर ही सोय मोठी आहे. बेडिंगला मात्र ॲक्शन लागते, म्हणजे अख्खी रायफल गनस्मिथकडे जायला हवी. परवानाधारक गनस्मिथकडे ती दुरुस्तीसाठी पाठवता येते आणि काम झाल्यावर तो ती थेट तुम्हाला परत करू शकतो. पण आता बरेच कुरिअर परवानाधारकांखेरीज इतरांकडून बंदूक घेत नाहीत. अशा वेळी जवळच्या दुकानदारामार्फत पाठवावी लागते आणि तो ३० ते ६० डॉलर घेतो. जाण्या-येण्याचा विमा धरून दीडशे डॉलर सहज जातात. गाडीने दोन-तीन तासांवर चांगला कारागीर असेल तर स्वतः नेऊन देणे स्वस्त, शिवाय लगची खाच त्याच्यासमोर उघडून बोलता येते.

त्याला विचारायचे प्रश्न साधे आहेत. लगची मागची बाजू बेड करणार का? टँगला जागा सोडणार का? बोल्ट किती आणि कुठे? नळीखालीही दुसरा लग असलेली रायफल असेल तर तोही तपासणार का? अंदाज लेखी द्याल का? पहिल्या दोनांचे उत्तर ‘गरज नाही’ असे आले, तर दस्ता उचला आणि दुसरीकडे जा.

भारतातल्या परवानाधारकांसाठी

१९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली इथे शिकारीला बंदी आहे. तरी संस्थानी आणि जमीनदार घराण्यांत जड कॅलिबरच्या जुन्या इंग्रजी रायफली परवान्यावर आजही आहेत, त्यांत दुनळीही बऱ्याच. १९०७मध्ये ब्रिटिश सरकारने भारतात .४५० कॅलिबरवर बंदी आणली, म्हणून विलायती कारखान्यांनी .४६५ आणि .४७० काढली, त्या काळची नावे अजून परवान्यांवर दिसतात.

शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात आणि शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. ओळखीचा सुतार कितीही कुशल असला तरी त्याच्याकडे रायफल सोडून येऊ नका. दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडेच जा, परवान्याची प्रत जोडा, रायफल ताब्यात दिल्याची सही-शिक्क्याची पावती घ्या. तयार दस्ता परदेशातून मागवण्याचा मोह टाळा. आयातीलाही परवाना लागतो आणि पार्सल कस्टममध्ये अडकते. काश्मिरी अक्रोड देशातच मिळते आणि ते दस्त्याला उत्तम लाकूड आहे.

दुनळीचा दस्ता बोल्ट रायफलीसारखा इपॉक्सीच्या साच्यात बसवायचा नसतो. तिथे लाकडाची पुढची बाजू हाताने कोरून लोखंडाला टेकवलेली असते आणि तडे घोड्याच्या कळीमागे, पातळ शिंगांसारख्या टोकांना पडतात. चुकीच्या हातांनी तिथे कानस चालवली तर शंभर वर्षांची बसवण कायमची जाते. वारसाहक्काने आलेली आणि प्रत्यक्षात कधी न झाडली जाणारी रायफल असेल, तर तेल पुसून, लाकूड आणखी सुकू-फुगू न देता आहे तशी जपणे हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत योग्य उपाय आहे.

वापरातल्या रायफलीचे काम झाल्यावर पहिल्या दोन-तीन फैरींनंतर ॲक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. कारागिराने दिलेला आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. दहा-बारा फैरी झाल्या की एकदा ॲक्शन पुन्हा बाहेर काढून लगमागचा साचा पाहा. साच्यावर लगचा ठसा सगळीकडे सारखा उमटला असेल आणि टँगमागची जागा तशीच मोकळी असेल, तर काम पक्के झाले. ठसा एका कोपऱ्यातच असेल, तर रायफल पुढे न झाडता त्याच कारागिराकडे परत न्या. हे दुरुस्त करून देणे त्याच्या मूळ बिलातच येते, आणि अंदाज घेताना ही अट आधीच लिहून घ्यायची असते.